घरात समुद्र मांडणारा माणूस : फिलिप हेन्री गॉस



हिंगोलीला एखाद्या दवाखान्यात किंवा मोठ्या दुकानात काचेच्या पेटीत पोहणारे रंगीत मासे तुम्ही पाहिले असतील. आपण तिला सरळ फिश टँक म्हणतो. पुस्तकात मत्स्यालय हा शब्द येतो. आपल्याकडच्या बहुतेक पेट्यांत गोडे पाणी असते. पण समजा, एखाद्याला खाऱ्या पाण्याची पेटी मांडायची आहे. तिच्यात प्रवाळ, समुद्रफुले, शंखात राहणारे खेकडे, छोटे समुद्री मासे ठेवायचे आहेत. जमेल का? गोरेगावपासून समुद्र चारशे किलोमीटरहून जास्त लांब. आपल्या कयाधूचं पाणी पैनगंगेत जातं, तिथून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे थेट बंगालच्या उपसागराला मिळतं. आपलं पाणी समुद्राकडे जातं, पण समुद्र काही आपल्याकडे येत नाही.

सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका माणसाने समुद्र माणसाच्या बैठकीच्या खोलीत आणून दाखवला. त्यांचे नाव फिलिप हेन्री गॉस. आज आपण त्यांचे चरित्र पाहणार आहोत. यात एक आनंदाची गोष्ट आहे आणि एक दुःखाची. दोन्ही नीट वाचा, कारण दोन्ही मिळूनच हा धडा पूर्ण होतो.

बंदरावरचा मुलगा

फिलिप गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वुस्टर या गावी झाला. वडील थॉमस गॉस हे छोटी चित्रे काढणारे चित्रकार होते. गावोगाव फिरायचे, लोकांची चित्रे काढायची आणि त्यावर पोट भरायचे, असा त्यांचा व्यवसाय. घरात पैसा बेताचाच. पुढे हे कुटुंब दक्षिणेकडील पूल या बंदराच्या गावी राहायला आले आणि फिलिपचे बालपण समुद्राजवळ गेले.

वडिलांकडे पाहून तो चित्रे काढायला शिकला. समुद्राची गोडी लावली ती आत्याने. त्याची आत्या सुझन बेल यांना प्राणी-वनस्पतींची चांगली माहिती होती. ओहोटीच्या वेळी खडकांवर दिसणारे फुलासारखे प्राणी, म्हणजे समुद्रफुले, समुद्राच्या पाण्याच्या भांड्यात ठेवली तर काही काळ जगतात, हे फिलिपला लहानपणी तिच्याकडूनच कळले. बघा, पुढे ज्या कामामुळे हा माणूस प्रसिद्ध झाला, त्याचे बी आत्याने पेरले होते.

कारकून, शेतकरी आणि शिक्षक

परिस्थितीमुळे फिलिपला जास्त शिकता आले नाही. पंधराव्या वर्षी तो एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून लागला. १८२७ साली, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी, जहाजात बसून अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफाउंडलंड बेटावरच्या कार्बोनिअर या गावी गेला. तिथेही कारकुनीच. आठ वर्षे त्याने हिशोबाच्या वह्या लिहिल्या.

पण वही मिटली की तो कीटक शोधत फिरायचा. १८३२ मध्ये त्याने एका लिलावात सूक्ष्मदर्शकाविषयीचे एक जुने पुस्तक विकत घेतले आणि त्याला कीटकांचा नादच लागला. शिकवायला कोणी गुरू नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. बघायचे, चित्र काढायचे, तारीख घालून लिहून ठेवायचे, एवढेच. पण हे त्याने एक दिवस नाही, अनेक वर्षे केले.

१८३५ मध्ये मित्रांसोबत तो कॅनडात शेती करायला गेला. शेती काही जमली नाही. हिवाळ्यात गावच्या शाळेत शिकवून चार पैसे मिळायचे. १८३८ मध्ये तो अमेरिकेतील अलाबामा राज्यात गेला आणि तिथे मळेवाल्यांच्या मुलांना शिकवू लागला. तिथल्या फुलपाखरांची त्याने फार सुंदर चित्रे काढली. पण त्या मळ्यांवर गुलामांना मिळणारी वागणूक पाहून त्याचे मन उडाले. वर्ष संपता संपता तो तिथून निघाला आणि १८३९ मध्ये इंग्लंडला परतला.

वय एकोणतीस. हातात पैसा नाही, पदवी नाही, नोकरी नाही. कॅनडातील नोंदींच्या आधारे परतीच्या प्रवासात लिहिलेले एक हस्तलिखित मात्र जवळ होते. १८४० साली ते 'द कॅनेडियन नॅचरलिस्ट' या नावाने छापले गेले. गॉस यांनी लंडनजवळच्या हॅकनी येथे छोटी शाळाही चालवली. म्हणजे हा माणूस आपल्याच व्यवसायातला, तीन देशांत मुलांना शिकवलेला मास्तर!

जमैका आणि संसार

१८४४ मध्ये गॉस पक्षी आणि प्राण्यांचे नमुने गोळा करण्यासाठी जमैका बेटावर गेले. तिथे सॅम्युअल कॅम्पबेल नावाचा तरुण कृष्णवर्णीय सहकारी त्यांना मिळाला. त्याची नजर फार तयार होती. जमैकाचेच निसर्ग-अभ्यासक रिचर्ड हिल यांनीही त्यांना भरपूर मदत केली. १८४७ मध्ये जमैकाच्या पक्ष्यांवरचे पुस्तक आले, तेव्हा गॉस यांनी त्यावर रिचर्ड हिल यांचेही नाव छापले. ज्यांच्याकडून शिकलो त्यांचे नाव सांगायचे, ही गोष्ट आपणही लक्षात ठेवावी.

१८४८ मध्ये त्यांचा एमिली बोव्स यांच्याशी विवाह झाला. एमिली स्वतः लेखिका होत्या. १८४९ मध्ये मुलगा एडमंड जन्मला. गॉस सतत लिहीत होते. शेवटी अतिश्रमाने त्यांना डोकेदुखी जडली आणि हवापालटासाठी जानेवारी १८५२ मध्ये पत्नी व लहान मुलाला घेऊन ते डेव्हनच्या समुद्रकिनारी आले. आजारपणाने त्यांना पुन्हा समुद्राकाठी आणून सोडले, असं म्हणायला हरकत नाही.

बरणीतला समुद्र का मरायचा?

डेव्हनच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की खडकांच्या खोलगट भागात पाणी साचून राहते. या डबक्यांत हिरवी, तांबडी, तपकिरी शैवाले, समुद्रफुले, कोळंबी, खेकडे, छोटे मासे आणि पेल्याच्या आकाराचे एकेकटे राहणारे छोटे प्रवाळ असत. गॉस रोज जाऊन ते पाहत. एकदा तर समुद्रफूल चवीला कसे लागते हे पाहण्यासाठी त्यांनी ते शिजवून खाल्ले!

पण हे प्राणी घरी आणले की एक-दोन दिवसांत मरायचे आणि पाण्याला घाण वास सुटायचा. असे का होते? विचार करा. प्राणी श्वास घेतात तेव्हा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. बरणीतले पाणी स्थिर. वापरलेला ऑक्सिजन पुरेशा वेगाने परत येत नाही. शिवाय प्राण्यांची विष्ठा आणि उरलेले अन्न त्याच पाण्यात कुजते. मग आधी एक प्राणी मरतो, तो सडतो आणि बाकीच्यांनाही घेऊन जातो.

यावर उपाय शोधणारे गॉस हे काही पहिले नव्हते. फ्रान्समध्ये जन्मलेल्या झान विल्प्रो-पॉवर या बाईंनी १८३२ च्या सुमारास सिसिली बेटावर काचेच्या पेट्या करून समुद्री प्राण्यांचा अभ्यास केला होता. लंडनच्या ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे जिवंत प्रवाळ लंडनला नेले. ते जगावेत म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. आपण चहा गार करायला कपातून बशीत ओततो ना, तसंच. त्यामुळे हवा पाण्यात मिसळायची. आज पेटीत बुडबुडे सोडणारा पंप जे काम करतो, ते काम त्या बाईचे हात करत होते. तिचे नाव मात्र इतिहासात फारसे कोणी घेत नाही.

१८५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी आणखी सोपी गोष्ट दाखवली. त्यांनी गोड्या पाण्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या. वनस्पती उजेडात ऑक्सिजन देते, मासा तो घेतो. मासा जो कार्बन डायऑक्साइड सोडतो तो वनस्पतीला उपयोगी पडतो. कुजलेली पाने गोगलगाय खाते. तिघांचे एकमेकांवर चालते आणि पाणी वारंवार बदलावे लागत नाही. याला आपण समतोल म्हणतो. पुढे वॉरिंग्टन यांनी हाच विचार खाऱ्या पाण्यातही लावून पाहिला.

गॉस डेव्हनमध्ये स्वतंत्रपणे याच वाटेने चालले होते. त्यांनी शैवाल खरवडून न घेता, ते ज्या दगडाला चिकटलेले असे तो दगडाचा तुकडाच हातोडी-छिन्नीने काढून आणला. कारण शैवाल दगडावरून उपटले की मरते. आधी शैवालाचे दगड बरणीत, ते नीट तगले की मग प्राणी. हा क्रम महत्त्वाचा होता. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी पहिले मत्स्यालय उघडले. गॉस यांनी गोळा केलेले समुद्री जीव त्यात होते.

समुद्र नसताना समुद्राचे पाणी

आता आपल्यासारख्यांच्या कामाचा भाग. लंडन काही समुद्रकिनारी नाही. तिथल्या लोकांनी खारे पाणी आणायचे कुठून? गॉस यांनी त्या काळी उपलब्ध असलेले समुद्राच्या पाण्याचे रासायनिक विश्लेषण पाहिले आणि १८५४ मध्ये घरी करता येईल अशी कृती बनवली. आपल्या मापात सांगायचे तर साडेचार लिटरला थोडे कमी पाणी, त्यात सुमारे १०० ग्रॅम साधे मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड. समुद्रात याशिवायही अनेक क्षार असतात. पण या चारांवर काम भागते का, हे त्यांना पाहायचे होते.

पाणी तयार झाल्यावर त्यांनी लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी गाळून घेतले, शैवालाचे दगड ठेवले आणि काही दिवस वाट पाहिली. मग एकेक करून जीव सोडले. ते जगले! समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसालाही समुद्र पाहता येईल, हे सिद्ध झाले.

त्याच वर्षी त्यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक निघाले. त्यातली रंगीत चित्रे त्यांनी स्वतः काढली होती. ॲक्वेरियम हा शब्द पूर्वी पाणवनस्पतींच्या टाकीसाठी वापरत. प्राणी आणि वनस्पती एकत्र असलेल्या पेटीला हाच शब्द वापरावा, असे गॉस यांनी सुचवले आणि तो जगभर रूढ झाला. १८५५ मध्ये त्यांनी नवशिक्यांसाठी छोटी मार्गदर्शक पुस्तिका काढली. पेटी कशी घ्यावी, पाणी कसे करावे, कोणते प्राणी सोपे, कोणते अवघड, काचेवरचे शेवाळ खायला समुद्री गोगलगायी का ठेवाव्यात, असे सगळे त्यात होते. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. कधीकाळचा पेढीवरचा कारकून देशातल्या सर्वांत मानाच्या शास्त्रज्ञांमध्ये जाऊन बसला.

आणि सगळे किनाऱ्याकडे धावले

पुस्तकाने लोकांना अक्षरशः वेड लावले. काळही अनुकूल होता. काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती. रेल्वे आल्यामुळे शहरातला माणूस सहज किनाऱ्यावर पोहोचत होता. लंडनमध्ये विल्यम ॲल्फर्ड लॉईड या गृहस्थांनी समुद्री प्राणी, पाणी आणि पेट्या विकणारे दुकानच थाटले. गॉस स्वतः किनाऱ्यावर लोकांचे वर्ग घेत. स्त्री-पुरुष कपडे सावरत खडकांवर त्यांच्यामागून फिरत आणि ते एकेक जीव दाखवत.

याच काळात घरावर मोठा आघात झाला. एमिली यांना स्तनाचा कर्करोग झाला आणि १० फेब्रुवारी १८५७ रोजी त्या गेल्या. एडमंड तेव्हा फक्त सात वर्षांचा होता. गॉस मुलाला घेऊन डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे राहायला गेले. त्याच वर्षी त्यांचे 'ऑम्फॅलोस' हे पुस्तक आले. पृथ्वीचे वय आणि धर्मग्रंथातील निर्मितीची कथा यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. पृथ्वी जुनी दिसेल अशीच निर्माण झाली, असे त्यांचे म्हणणे. ते ना शास्त्रज्ञांना पटले, ना धार्मिक लोकांना. गॉस फार दुखावले. पण काम सोडले नाही. पुन्हा समुद्रफुले आणि प्रवाळांकडे वळून १८६० पर्यंत त्यांनी ब्रिटनच्या समुद्रफुलांवर व प्रवाळांवर मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्या वर्षअखेरीस त्यांनी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला.

मात्र किनाऱ्यावर वेगळेच घडत होते. पुस्तक वाचून आलेले हजारो लोक हातोडी, छिन्नी आणि टोपल्या घेऊन खडक फोडत होते. प्रत्येकाला घरच्या पेटीसाठी समुद्रफूल हवे होते. बहुतेकांनी पुस्तकातले संयमाचे पान वाचलेच नाही. पेटीत एकदम पन्नास प्राणी कोंबायचे, चार दिवसांत पाणी सडले की फेकून द्यायचे आणि पुन्हा किनाऱ्यावर जायचे. जी डबकी शेकडो वर्षे रंगांनी भरलेली होती, ती काही वर्षांत ओस पडली. मोठेपणी लेखक झालेल्या एडमंड यांनी १९०७ मध्ये 'फादर अँड सन' या पुस्तकात लिहिले की, त्यांनी लहानपणी वडिलांसोबत पाहिलेला तो किनारा आता पाहायला मिळणार नाही, आणि वडिलांच्या पुस्तकांचाही त्यात वाटा होता, याचे वडिलांना फार वाईट वाटे.

विद्यार्थी मित्रांनो, इथे थोडं थांबा. गॉस यांनी लोकांना समुद्रावर प्रेम करायला शिकवले. त्यात काही वाईट हेतू होता का? मुळीच नाही. पण आवडणारी गोष्ट घरी आणलीच पाहिजे असे प्रत्येकाला वाटले, की ती जिथे आहे तिथे उरत नाही. एका माणसाने एक समुद्रफूल नेले तर किनाऱ्याला कळतही नाही. दहा हजारांनी एकेक नेले तर किनारा रिकामा होतो. हा साधा गुणाकार आहे, पण तो तेव्हा कोणी केला नाही.

उतारवयात गॉस ऑर्किडची फुले वाढवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले अतिसूक्ष्म जीव पाहत. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथे, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज अशी पेटी मांडायची तर काय करतात?

गॉस यांचा समुद्र थंड होता. आज लोकांना हौस असते ती उष्ण समुद्रातील प्रवाळांच्या पेटीची. पण पायऱ्या पाहिल्या तर बऱ्याचशा त्यांच्याच आहेत.

१) पाणी : बोअरचे जड पाणी चालत नाही. आरओचे शुद्ध पाणी घेऊन त्यात तयार मिळणारे समुद्री क्षारांचे मिश्रण घालतात. एक लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचे मीठ एकटे पुरत नाही. खारटपणा मोजायला साधन असतेच.

२) तापमान, उजेड आणि लाट : पाणी २४ ते २६ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावे लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे सर्वांत अवघड! प्रवाळाच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाले राहतात आणि उजेडात अन्न तयार करून प्रवाळाला देतात. म्हणून योग्य दिवा लागतो. पाणी फार तापले की ही शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. लाटेसारखे पाणी हलवायला छोटा पंप लागतो. आठवते ना ती मोलकरीण?

३) वाट पाहणे : माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आईने दुधाला विरजण लावले की आपण लगेच भांडे हलवतो का? नाही. तसंच इथेही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाल्याशिवाय मासा सोडत नाहीत. गॉस यांना या जिवाणूंची माहिती नव्हती, तरी निरीक्षणावरून थांबायचे हे त्यांना कळले होते.

४) हळूहळू भर : आधी गोगलगायी, मग एखादा चिवट मासा, पुढचे पुढे.

आता एक गणित. नवशिक्याला वाटते, लहान पेटी म्हणजे सोपी पेटी. तपासून पाहू. ६० लिटरच्या पेटीत लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे एकूण २१०० ग्रॅम क्षार आहेत. दोन दिवसांत ३ लिटर पाण्याची वाफ झाली. वाफेबरोबर मीठ जात नाही. म्हणजे ५७ लिटरमध्ये तेच २१०० ग्रॅम. भागाकार करा. लिटरला सुमारे ३६.८ ग्रॅम झाले. आता ६०० लिटरच्या पेटीतून तेवढेच ३ लिटर गेले तर? २१००० भागिले ५९७, म्हणजे सुमारे ३५.२. मोठ्या पेटीला काही कळलेही नाही, लहान पेटी मात्र खारट झाली. म्हणून लहान पेटीवर रोज लक्ष ठेवावे लागते आणि कमी झालेले पाणी खारे नव्हे, तर गोडे शुद्ध पाणी घालून भरावे लागते. का, ते तुम्ही सांगा.

५) कायदा : प्रवाळ हा दगड नाही, झाड नाही, तो प्राणी आहे. आपल्या मालवणजवळच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार प्रवाळांना संरक्षण आहे. ते समुद्रातून तोडणे, विकणे हा गुन्हा आहे. समुद्री घोड्यालाही असेच संरक्षण आहे. म्हणून आपल्याकडे खाऱ्या पाण्याची हौस असेल तर दगड, शैवाल आणि पैदास केंद्रात जन्मलेले मासे, एवढ्यावर समाधान मानायचे. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश, ज्याला मुले निमो म्हणतात, त्याची पैदास करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनेही विकसित केले आहे. असा मासा घेतला तर समुद्रातला एकही मासा कमी होत नाही. गॉस यांच्या वेळी असा कायदा असता, तर डेव्हनची डबकी कदाचित वाचली असती.

आणि ज्यांना पेटी परवडत नाही त्यांचे काय? मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांना समुद्रातले जीव दाखवले. सर्वांनी मिळून एक पेटी पाहायची, हीदेखील समुद्र वाचवण्याचीच रीत आहे.

या चरित्रातून काय घ्यावे?

गॉस यांच्याकडे पदवी नव्हती, पण रोज पाहून लिहून ठेवण्याची सवय होती. शेती बुडाली, पत्नी गेली, आवडीचे पुस्तक कोणी स्वीकारले नाही, तरी त्यांनी निरीक्षण सोडले नाही. हा त्यांच्या आयुष्याचा उजळ भाग. दुसरा भाग असा की, पेटीतला समतोल त्यांना कळला, पण किनाऱ्याचाही समतोल असतो आणि तो माणसांच्या गर्दीने मोडतो, हे कळेपर्यंत उशीर झाला. आपल्याला मात्र ते आधीच माहीत आहे. त्यामुळे आपली जबाबदारी त्यांच्यापेक्षा मोठी आहे.

स्वाध्याय

१) बरणीतले समुद्री प्राणी दोन दिवसांत का मरत असत? दोन कारणे लिहा.
२) वॉरिंग्टन यांच्या पेटीत मासा, वनस्पती आणि गोगलगाय एकमेकांना कशी मदत करत होती? आकृती काढा.
३) ४० लिटरच्या खाऱ्या पेटीतून २ लिटर पाण्याची वाफ झाली, तर लिटरला किती ग्रॅम क्षार होतील? सुरुवातीला ३५ ग्रॅम धरा.
४) आपल्या परिसरातील अशी एखादी वस्तू, वनस्पती किंवा प्राणी सांगा, जो प्रत्येकाने घरी नेला तर संपून जाईल.
५) उपक्रम : मोठ्यांच्या मदतीने काचेच्या बरणीत धुतलेली वाळू, तळ्यातले पाणी, थोडी पाणवनस्पती आणि एक गोगलगाय ठेवा. बरणी उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. आठ दिवस रोज एकाच वेळी पाहून वहीत तारीख घालून नोंद करा. बरणीला हात लावल्यावर हात साबणाने धुवा. आठवा दिवस झाला की गोगलगाय आणि वनस्पती जिथून आणली, तिथेच परत सोडून या. हे शेवटचे काम विसरू नका. गुण त्यालाच जास्त आहेत!